विश्लेषण : जुलाबाच्या बाळाला सलाइन की ओआरएस? जामखेडच्या डॉ. मेबल आरोळे यांनी काय दाखवून दिले?

पावसाचे पहिले गढूळ पाणी विहिरीत आणि फुटक्या पाइपलाइनमध्ये शिरले, की खेडोपाडी उलट्या-जुलाबांचे दिवस सुरू होतात. नेकनूर असो वा बीड जिल्ह्यातील दुसरे कुठलेही गाव, मलूल झालेले लेकरू घेऊन दवाखान्यात आलेल्या आईबापांची पहिली मागणी बहुतेक वेळा ठरलेली असते: सलाइन लावा. बाटली टांगली म्हणजे खरा उपचार झाला आणि पुडीतले पाणी पाजायला सांगितले म्हणजे डॉक्टरांनी टाळले, अशी समजूत घट्ट आहे. नेकनूरहून मांजरसुंबा, पाटोदा मार्गे साठ-सत्तर किलोमीटरवर असलेल्या जामखेडमध्ये एका डॉक्टर दाम्पत्याने पन्नास वर्षांपूर्वी हीच समजूत मोडायला घेतली. त्यातील डॉ. मेबल आरोळे यांचे आयुष्य आणि आजारी मुलांवरील उपचारांची तुलना यांचा हा आढावा.

डॉ. मेबल आरोळे कोण होत्या?

मेबल यांचा जन्म १९३५ मधला, जबलपूरच्या एका ख्रिस्ती कुटुंबातला. वैद्यकीय शिक्षणासाठी त्या तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेल्या. तिथे त्यांची भेट अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातून आलेल्या रजनीकांत आरोळे यांच्याशी झाली. १९६० मध्ये दोघांचे लग्न झाले. शहरात दवाखाना थाटायचा नाही, जिथे डॉक्टर पोहोचत नाही अशा ग्रामीण भागातच आयुष्य काढायचे, हे दोघांनी लग्नाच्या वेळीच ठरवले होते.

मराठी मुलखाबाहेर वाढलेल्या मेबल लग्नानंतर नगर जिल्ह्याच्या खेड्यांत आल्या आणि इथल्याच झाल्या. मॅगसेसे पुरस्कारापर्यंतचा त्यांचा पुढचा प्रवास याच दुष्काळी पट्ट्यातून झाला.

वडाळ्याच्या रुग्णालयात त्यांना काय दिसले?

साठच्या दशकाच्या पूर्वार्धात दोघांनी नगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. रुग्णांची रीघ लागे. शस्त्रक्रिया होत, बाळंतपणे होत, जुलाबाने सुकून गेलेली मुले सलाइनवर तगत आणि घरी जात. काही आठवड्यांनी त्यातलीच काही मुले त्याच दुखण्याने पुन्हा दारात येत. काही येतच नसत, कारण ती वाटेतच गेलेली असत.

रुग्णालयात येणाऱ्या आजारांपैकी बहुतांश टाळता येण्याजोगे आहेत, हे आरोळे दाम्पत्याच्या ध्यानात आले. स्वच्छ पाणी, पुरेसे खाणे, लस आणि वेळेवर दिलेला साधा उपचार एवढ्यावर ते थांबले असते. शिवाय रुग्णालयापर्यंत पोहोचू शकणारी माणसे थोडीच होती. बैलगाडीचा प्रवास, बुडालेली मजुरी, मागे राहिलेली इतर लेकरे हा सगळा हिशेब करूनच माणूस निघायचा आणि तोवर उशीर झालेला असायचा. रुग्णालय कितीही चांगले चालवले तरी गावातले मृत्यू त्याने फारसे कमी होणार नाहीत, हे कोडे घेऊन दोघे १९६६ मध्ये अमेरिकेला गेले. तिथे रुग्णालयीन प्रशिक्षण आणि त्यानंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० मध्ये ते परतले.

जामखेडमध्ये सुरुवात कशी झाली?

जामखेड म्हणजे नगर, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांच्या सीमेवरचा कोरडा तालुका. तिथल्या पुढाऱ्यांनी या डॉक्टरांना बोलावून घेतले. जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत काम सुरू झाले. पुढे साधे, कमी खर्चाचे रुग्णालय उभे राहिले. पण आरोळे दाम्पत्याच्या आराखड्यात रुग्णालय शेवटी येत होते. पहिला उपचार घरात, दुसरा गावात आणि तिथे न जमले तर जामखेडला, अशी त्यांची मांडणी होती.

दोनच वर्षांत बहात्तरचा दुष्काळ आला. मराठवाड्यातील जुन्या पिढीला त्याची आठवण द्यायला नको. लोकांना औषधाआधी पाणी आणि भाकरी हवी होती. प्रकल्पाने मुलांसाठी अन्नाची सोय केली आणि गावोगावी कूपनलिका खोदायला मदत केली. हातपंप शक्यतो दलित वस्तीत किंवा तिच्या लगत बसवण्यावर भर होता. पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावे लागले आणि ज्यांना विहिरीवर चढू दिले जात नव्हते, त्यांच्या लेकरांनाही स्वच्छ पाणी मिळाले. जुलाबाविरुद्धचा हा जामखेडचा पहिला मोठा उपाय होता आणि त्यात औषधाचा थेंबही नव्हता.

प्रशिक्षित परिचारिका असताना गावातल्या बायका कशासाठी?

सुरुवातीला गावांत परिचारिका ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. बाहेरून आलेल्या एकट्या मुलीला गावात राहणे अवघड जाई आणि गावातल्या बायका तिच्याकडे मोकळेपणाने येत नसत. तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी आणि तिला शिकवावे, असा पर्याय पुढे आला. निवडलेल्यांत अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातील होत्या. काही परित्यक्ता, काही विधवा.

या बायकांना घडवण्यात मेबल यांचा वाटा मोठा होता. दर आठवड्याला त्या जामखेडला जमत. आपल्या गावात काय घडले ते सांगत, एकेक विषय शिकत आणि परत जाऊन तो शेजारणींना शिकवत. वजनकाटा कसा वाचायचा, गरोदर बाईच्या पायाची सूज कशी ओळखायची, बाळाची टाळू खोल गेली तर काय करायचे, हे सारे वहीशिवाय, हाताने करून आणि गाण्यांतून शिकवले जाई. अक्षरओळख नसलेली बाई आजारी मूल ओळखू शकते आणि त्याचा पहिला उपचार करू शकते, यावर विश्वास ठेवायला त्या काळी बहुतेक डॉक्टर तयार नव्हते.

जुलाबात मूल नेमके कशाने दगावते?

जंतू कोणताही असो, लहान मुलाचा जीव बहुतेक वेळा शरीरातले पाणी आणि क्षार संपल्याने जातो. मोठ्या माणसाच्या तुलनेत बाळाच्या अंगातला पाण्याचा साठा लहान असतो, त्यामुळे चार-सहा मोठे जुलाब आणि उलट्या झाल्या तरी तो झपाट्याने उतरतो. डोळे खोल जातात, रडताना अश्रू येत नाहीत, लघवी कमी होते. त्यापुढे मूल गुंगीत जाते.

त्यात भर पडे ती जुन्या समजुतीची. जुलाब होत असताना पाणी पाजले तर जुलाब वाढतो, म्हणून पाणी तोडायचे, दूध तोडायचे, उपाशी ठेवायचे. म्हणजे ज्या एका गोष्टीने बाळ वाचेल, तीच बंद व्हायची. जामखेडच्या आरोग्य सेविकांपुढचे पहिले काम मायबाप आणि आजी यांच्या मनातली ही भीती काढण्याचे होते. बाहेरच्या डॉक्टरपेक्षा शेजारच्या, स्वतः लेकरे वाढवलेल्या बाईने सांगितलेले लवकर पटायचे.

मीठ आणि साखर एकत्रच का?

नुसते पाणी पाजले तर जुलाबाच्या वेळी आतडे ते पुरेसे शोषून घेत नाही आणि गेलेले क्षारही भरून येत नाहीत. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र असले, तर आतड्याच्या पेशी ते दोन्ही जोडीने आत ओढतात आणि त्यांच्यामागे पाणी येते. जुलाब चालू असतानाही हे दार उघडे राहते. साठच्या दशकात ही गोष्ट स्पष्ट झाली आणि त्यातूनच ओआरएस, म्हणजे आपल्याकडची जलसंजीवनी, जन्माला आली.

सलाइन आणि ओआरएस यांची तुलना कशी झाली?

पहिली मोठी कसोटी परिस्थितीनेच घेतली. १९७१ मध्ये बांगलादेशातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे द्रव संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी मोठ्या पिंपांत भरून ठेवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. आधी शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते. हे पाणी सुरू झाल्यावर ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. महालनबीस तेव्हा कोलकात्यात जॉन्स हॉपकिन्सच्याच संशोधन केंद्रात काम करत होते. ज्या विद्यापीठातून आरोळे दाम्पत्य नुकतेच परतले होते, त्याच्याच दुसऱ्या टोकाला जवळपास तेच उत्तर सापडत होते: उपचार नातेवाइकांच्या हाती देता येतो.

पण छावणीतल्या आकड्यांवर शंका घेता येते. साथ आपोआप ओसरली असेल, नंतर आलेले रुग्ण कमी आजारी असतील. म्हणून पुढे रुग्णालयांत काटेकोर चाचण्या झाल्या. सारख्याच आजारी मुलांचे दोन गट चिठ्ठी टाकल्यासारखे पाडायचे, एका गटाला सलाइन आणि दुसऱ्याला तोंडाने ओआरएस द्यायचे, मग निकाल पाहायचा. चिठ्ठीमुळे डॉक्टरच्या आवडीने किंवा पालकांच्या आग्रहाने गट ठरत नाहीत आणि तुलना खरी होते.

अशा १७ चाचण्यांतील १,८०० हून अधिक मुलांची माहिती २००६ च्या कॉक्रेन आढाव्यात एकत्र केली गेली. त्यातून तीन गोष्टी दिसल्या. एक, ओआरएस दिलेल्या दर २५ मुलांमागे साधारण एकालाच पुढे सलाइनची गरज पडली. दोन, ओआरएसवरची मुले रुग्णालयातून लवकर घरी गेली. तीन, दोन्ही उपचारांचे त्रास वेगळे आहेत. सलाइनमध्ये शीर सुजण्याचा धोका, तर ओआरएसच्या गटात आतड्यांची हालचाल मंदावण्याचे प्रमाण किंचित जास्त. मुलांचा जीव वाचवण्यात सलाइन सरस ठरली नाही.

मग सलाइन कधी लागतेच?

इथे घोटाळा करून चालणार नाही. तीव्र निर्जलीकरण झालेल्या मुलाला सलाइनच हवी आणि तीही ताबडतोब. जागतिक आरोग्य संघटनेची विभागणी साधी आहे.

• मूल खेळते आहे, नीट पिते आहे : घरी ओआरएस, नेहमीचे खाणे, अंगावरचे दूध चालू.

• चिडचिडे, डोळे खोल गेलेले, अधाशीपणे पाणी पिणारे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश सपाट होणारे : दवाखान्यात नजरेखाली चार तासांत दर किलो वजनामागे ७५ मिलिलिटर ओआरएस. दहा किलोच्या मुलाला पाऊण लिटर.

• गुंगीत गेलेले किंवा बेशुद्ध, पिता न येणारे, कातडी फारच हळू सपाट होणारे : शिरेतून रिंगर लॅक्टेट किंवा नॉर्मल सलाइन, दर किलोमागे १०० मिलिलिटर. त्यातला सुरुवातीचा भाग वेगाने.

नुसत्या ग्लुकोजची बाटली यासाठी पुरेशी नाही, कारण तिच्यात मीठ नसते. कुपोषित मुलाच्या बाबतीत हे वेळापत्रक जसेच्या तसे लागू होत नाही. त्याच्या शरीरात द्रव वेगाने गेले तर हृदयावर ताण येऊन जीव धोक्यात येतो, म्हणून अशा मुलावर उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावेत. म्हणजे प्रश्न कोणता उपचार भारी, हा नसतो. मूल आत्ता कोणत्या पायरीवर आहे, हा असतो. जामखेडच्या सेविका हीच पायरी ओळखायला शिकल्या होत्या. पहिल्या पायरीवरचे मूल त्या गावातच सांभाळत आणि तिसऱ्या पायरीकडे झुकणारे जामखेडला पाठवत. त्यामुळे रुग्णालयातील खाटा खरोखर गरज असलेल्या मुलांना मिळत.

जामखेडचे आकडे काय सांगतात?

काम सुरू झाले तेव्हा, १९७१ च्या सुमारास, प्रकल्पाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ पर्यंत हे प्रमाण ५२ वर आले. नव्वदच्या दशकात ते तिशीच्या खाली गेले होते. मोजक्या गावांपासून निघालेले काम तोवर सत्तरच्या आसपास गावांत पोहोचले होते.

हे आकडे काय सांगत नाहीत, तेही समजून घ्यायला हवे. जामखेडमध्ये चिठ्ठ्या टाकून गावे निवडली नव्हती, त्यामुळे यातली किती बाळे ओआरएसने वाचली आणि किती लसीने, पाण्याने वा आईच्या सुधारलेल्या आहाराने, हे वेगळे काढता येत नाही. मेबल आणि रजनीकांत यांनीही श्रेय एका पुडीला दिले नाही. शेतकरी मंडळे, महिला मंडळे, मुलींचे शिक्षण, उशिरा लग्न हे सगळे त्यांच्या लेखी बालआरोग्याचेच भाग होते. रुग्णालयातील चाचणी सांगते की औषध चालते. ते औषध शेवटच्या घरापर्यंत कोण आणि कसे नेणार, याचे उत्तर जामखेडने दिले. दोन्ही पुरावे एकमेकांना पूरक आहेत.

जगाने दखल कशी घेतली?

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगभरातील निवडक लोकाधारित आरोग्य प्रयोगांवर पुस्तक काढले, त्यात जामखेडवरील प्रकरण आरोळे दाम्पत्याने लिहिले. तीन वर्षांनी अल्मा आटा येथील परिषदेत प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा मंजूर झाला, तेव्हा अशाच प्रयोगांचा आधार त्यामागे होता. १९७९ मध्ये दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९४ मध्ये त्यांचे जामखेड हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. देशोदेशीचे आरोग्य कर्मचारी शिकण्यासाठी जामखेडला येऊ लागले आणि त्यांना शिकवणाऱ्यांत गावच्या सेविकाही होत्या.

त्यातल्याच मुक्ताबाई पोळ यांनी वॉशिंग्टनच्या परिषदेत मोठी रुग्णालये आणि गावातली आरोग्य सेविका यांची तुलना झुंबर आणि पणतीशी केली होती. झुंबर लखलखते, पण एका जागी टांगलेले असते. पणती लहान, तरी दारोदार नेता येते आणि एकीवरून दुसरी लावता येते. मेबल यांच्या आयुष्यभराच्या कामाचे सार या तुलनेत आले आहे.

सप्टेंबर १९९९ मध्ये मेबल यांचे निधन झाले. रजनीकांत २०११ मध्ये गेले. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा स्वयंसेविका गावोगावी नेमल्या गेल्या. गावानेच निवडलेली, गावातच राहणारी बाई ही त्यामागची कल्पना जामखेडला तोवर तीन दशके जुनी झाली होती. ते पाहायला मेबल नव्हत्या.

नेकनूरच्या पालकांनी यातून काय घ्यावे?

नेकनूरला सरकारी रुग्णालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९७० च्या तुलनेत अंतरे कमी झाली आहेत. तरी पहिले काही तास आजही घरातच जातात आणि ते कसे जातात यावर बरेच अवलंबून असते.

• ओआरएसची पुडी आशा ताई, अंगणवाडी, उपकेंद्र येथे मोफत मिळते. मोठी पुडी एक लिटर उकळून थंड केलेल्या किंवा स्वच्छ पाण्यात एकदम मिसळा. अर्धी-अर्धी करू नका. तयार पाणी २४ तासांत संपवा, उरले तर टाका.

• पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा. चमचा चहाचा. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून अंदाजपंचे टाकू नका.

• दर जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरील मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, वाटी-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा हळूहळू पाजा.

• सोबत झिंकची गोळी १४ दिवस : सहा महिन्यांखालील बाळाला १० मिलिग्रॅम, त्यावरील मुलाला २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी गोळ्या पूर्ण करा.

• गोड पेयांच्या खोक्यांना भुलू नका. ठरलेल्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयाच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे.

• शौचात रक्त, सतत उलट्या, खूप ताप, गुंगी, पिणे बंद, सहा-आठ तास लघवी नाही, यातले काहीही दिसले तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. रुग्णालयात पोहोचेपर्यंत मूल शुद्धीवर असून पिऊ शकत असेल तर ओआरएस पाजत राहा.

दिवाळीनंतर या भागातील हजारो कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडावर जातात. कोपीत नळ नसतो, दवाखाना लांब असतो आणि लेकरू सोबत असते. निघताना बांधलेल्या बोचक्यात पीठ-मिठाबरोबर ओआरएसच्या चार-पाच पुड्या आणि झिंकच्या गोळ्या ठेवायला जागा फारशी लागत नाही. रात्री जुलाब सुरू झाले, तर फडावरचा पहिला डॉक्टर आईच असते.